पहिली परदेशवारी : पाच दिवसांचा हिशेब

दिवाळीची सुटी जवळ येऊ लागली की डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर, ठाण्याच्या राम मारुती रस्त्यावर आणि कल्याणहून सुटणाऱ्या सकाळच्या गाड्यांत एक प्रश्न हटकून कानी पडतो : "यंदा कुठे?" एके काळी या प्रश्नाचे उत्तर माथेरान-महाबळेश्वरापाशी थांबत असे, फार तर काश्मीर वा केरळ. आता ते बँकॉक, कोलंबो, बाली असे येते, आणि ते देणारे जोडपे काही गर्भश्रीमंत नसते. ती एखाद्या शाळेत शिक्षिका, तो कुठल्याशा कचेरीत लिपिक. घराचे हप्ते चालू, लग्नाला वर्ष-दोन वर्षे झालेली. या नव्या उत्साहाकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र वर्षभराची शिल्लक आणि काटकसरीने जपलेली रजा ज्या पाच-सहा दिवसांवर उधळायची, ते दिवस नेमके कशासाठी आणि कसे घालवायचे याचा विचार त्या उत्साहाच्या मानाने फारच थोडा होताना दिसतो.

परदेशगमन ही गोष्ट या परिसराला अगदीच नवी नव्हे. कल्याणच्या जोशी कुटुंबात जन्मलेल्या यमुनेने, म्हणजेच आनंदीबाई जोशी यांनी, ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेसाठी बोट धरली. त्या वेळी टपाल खात्यात नोकरी करणारे पती गोपाळराव मागेच राहिले होते. जोडप्याने मिळून केवळ देश पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा, ही कल्पना त्या काळी वेडगळ ठरली असती. पुढे पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली प्रसिद्ध झाले आणि चाळीत व ब्लॉकमध्ये राहणाऱ्या हजारो वाचकांनी पुलं आणि सुनीताबाईंच्या सोबतीने युरोप पाहिला, अर्थात घरबसल्या. कारण १९७०च्या दशकात बाहेर जाणाऱ्या सामान्य प्रवाशाच्या हाती आठ डॉलर ठेवून सरकार त्याला निरोप देत असे. आज कायद्याने एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता वा पाठवता येते. चाकरमान्याची मर्यादा आता पगाराने ठरते, कायद्याने नव्हे!

मराठी माणसाला घराबाहेर काढण्याचे श्रेय बऱ्याच अंशी सहल कंपन्यांना द्यावे लागेल. १९८४ साली सुरू झालेली केसरी टूर्स काय किंवा २०१३ साली निघालेली वीणा वर्ल्ड काय, भाषेची आणि जेवणाची धास्ती घेतलेल्या कितीतरी कुटुंबांना या मंडळींनी धीर दिला. वयस्क आईवडिलांना सोबत न्यायचे असेल तर आजही तोच मार्ग सोयीचा. प्रश्न उरतो तो धडधाकट, सुशिक्षित, कामापुरते इंग्रजी येणाऱ्या तरुण जोडप्याचा. त्यांनीही पहिल्याच प्रवासात दुसऱ्याच्या शिट्टीवर पळावे काय?

बँकॉक-पट्टायाची 'चार रात्री, पाच दिवस' ही बाजारात सर्वत्र आढळणारी सहल उदाहरणादाखल घ्यावी. विमान मुंबईहून रात्री निघते. चार-साडेचार तासांचा प्रवास आणि घड्याळ दीड तास पुढे, म्हणून पहाटे उतरावे ते न झोपताच. हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार, सबब विमानतळावरूनच बसने दोन तासांवरच्या पट्टायाला. संध्याकाळी एक खेळ. दुसऱ्या दिवशी बेट. तिसऱ्या दिवशी सामान बांधून पुन्हा बँकॉक, वाटेत जवाहिऱ्याच्या दालनात सक्तीचा तासभर मुक्काम. चौथ्या दिवशी प्राण्यांचे उद्यान. पाचव्या दिवशी खरेदी आणि परतीचे विमान. बसमधील, रांगांतील आणि सामान बांधण्या-सोडण्यातील तास वजा केले, तर पाच दिवसांतून जेमतेम दोन दिवस हाती उरतात. पुढे छायाचित्रे पाहताना हे कुठले मंदिर, यावरून नवराबायकोत वाद होतो तो वेगळाच.

वस्तुतः हे वेळापत्रक डोंबिवलीकराला अपरिचित नाही. आठ अमुकची जलद गाडी, तमुक डबा, पूल उतरताना मोजलेली पावले आणि चुकलेल्या गाडीमागे चुकलेला सारा दिवस, हेच तो वर्षाचे तीनशे दिवस जगतो. ती शाळेतून परतते तेव्हा तो अद्याप ठाण्याच्या पुढे सरकलेला नसतो. दोघांना एकमेकांशी निवांत बोलायला आठवड्यातून एखादी रविवारची दुपार मिळाली तर मिळते. अशा दोघांनी दूर देशी जाऊन पुन्हा घड्याळाच्या काट्यावर धावावे, यापरते दुर्दैव कोणते? इथे एवढेच सुचवावेसे वाटते, की पहिल्या छोट्या प्रवासाची आखणी कागदपत्रांच्या आणि पैशांच्या बाबतीत कमालीची काटेकोर असावी, आणि दिवसांच्या बाबतीत मुद्दाम सैल. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. दिवसाचा प्रत्येक तास बांधलेला असतो आणि पासपोर्टावरचे नाव मात्र तिकिटाशी जुळत नसते.

एकच शहर आणि तेथून जाऊन येण्यासारखे एखादे गाव, एवढा बेत पाच दिवसांना पुरून उरतो. बँकॉकचेच पाहावे. त्या शहराचे नाव काढताच कचेरीत सहकारी डोळे मिचकावतात, ही त्या शहराविषयीच्या अज्ञानाचीच खूण म्हटली पाहिजे. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. राजवाड्याच्या आवारातील पाचूबुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवरीत रामकथेची भित्तिचित्रे रंगवलेली. थाई लोक तिला 'रामकियेन' म्हणतात. आजीकडून रामायण ऐकलेल्या मराठी माणसाला येथे भाषेवाचून कथा ओळखू येते. मारुतीचा स्वभाव मात्र तिकडे बराच रंगेल झालेला दिसतो. या एका ओवरीसाठी अर्धा दिवस काढला तर तो वाया गेला असे नाही. (खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवलेले बरे.) जवळच वाट फो येथे शेहेचाळीस मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. तेथून चाओ फ्राया नदीच्या धक्क्यावर यावे आणि लोकांच्या रोजच्या बोटीत बसावे. शहर दाखवणारी इतकी स्वस्त गोष्ट दुसरी नसेल.

दुसऱ्या एखाद्या दिवशी अयुथ्या. हे नाव अयोध्येवरून आले. चौदाव्या शतकाच्या मध्यास वसलेली आणि १७६७ साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ही जुनी राजधानी बँकॉकपासून रेल्वेने साधारण दीड-दोन तासांवर आहे. कल्याण ते मुंबई रोज उभ्याने जाणाऱ्याला हा प्रवास बसून करायला मिळतो, ही काय कमी चैन? तीन नद्यांच्या वेढ्यातील ते विटांचे भग्न स्तूप सायकलवरून पाहता येतात. वसईचा किल्ला ज्याने पाहिला आहे, त्याला पडझडीतही एक वैभव असते हे सांगावे लागत नाही. उरलेल्या दिवसांसाठी काहीही ठरवू नये. एखादी दुपार तिने बाजारात आणि त्याने संग्रहालयात घालवली तरी संसारास बाधा येणार नाही.

सैलपणा इथे संपला पाहिजे. पासपोर्टासाठी ठाण्याच्या सेवा केंद्रात वेळ घेण्याआधी घरातील सारे कागद टेबलावर मांडून नावे ताडून पाहावीत. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याचा प्रघात. परिणामी पदवी एका नावाने, आधार दुसऱ्या आणि पॅन भलत्याच नावाने. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे अशी पासपोर्टाची अट नाही, आणि विवाह प्रमाणपत्राची सक्तीही डिसेंबर २०१६ मध्ये काढून टाकण्यात आली. तरीही सासरच्या हौसेखातर घाईघाईने नाव बदलण्याचे अर्ज होतात आणि प्रवास महिनोन्‌महिने पुढे जातो. तिकीट काढायचे ते पासपोर्टावरील नावाने, अक्षर न अक्षर जुळवून. पासपोर्टाची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक असावी. सरकारी कर्मचाऱ्याला परदेशी जाण्यासाठी परवानगी लागते आणि तो अर्ज किती टेबलांवरून फिरतो हे लिपिकांना वेगळे सांगायला नको. म्हणून परवानगी आधी, तिकीट नंतर.

व्हिसाचे नियम ऐकीव माहितीवर सोडू नयेत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसातून सूट दिली आणि पुढील वर्षी मुक्कामाची मुदतही वाढवली. पण अशा सवलती त्या त्या सरकारच्या मर्जीच्या असतात. तिकिटापूर्वी एकदा आणि निघण्यापूर्वी पुन्हा एकदा दूतावासाचे संकेतस्थळ पाहणे अगत्याचे. १ मे २०२५ पासून तेथे प्रवेशाचे पत्रक संगणकावरून आधीच भरावे लागते. ते विनामूल्य आहे, आणि त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ बनावट समजावे. तिकिटावरची तारीखही नीट वाचावी. चौदा तारखेच्या मध्यरात्री साडेबाराचे विमान म्हणजे घर सोडायचे ते तेराच्या संध्याकाळी. या एका घोटाळ्यात शिकलेली माणसे दर हंगामात फसतात. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला असल्याने विमान कोणत्या विमानतळावरून सुटते हेही पाहिले पाहिजे. डोंबिवलीहून सहार आणि उलवे या दोन निरनिराळ्या दिशा आहेत.

पैशाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 'आधी फिरा, मग फेडा' या जाहिरातीला भुलून घराच्या हप्त्यावर सहलीचा हप्ता चढवणारी जोडपी वाढत आहेत. पाच दिवसांच्या आनंदाचे व्याज दोन वर्षे भरण्यापेक्षा वर्षभर आवर्ती ठेव लावून पुढच्या दिवाळीला जाणे काय वाईट? रजा प्रवास सवलतीचा आधार येथे धरू नये. परदेशाचा टप्पा असलेल्या प्रवासाला करसवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेट बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. परदेशी सहलीचे पॅकेज घेताना कंपनी जो कर आगाऊ वसूल करते तो मात्र बुडत नाही. विवरणपत्रात दाखवला की देय करातून वजा होतो वा परत मिळतो. प्रवास विम्यावर काटकसर करू नये, आणि आजार लपवून तो घेऊ नये. दुचाकीचा योग्य परवाना नसताना भाड्याची स्कूटर चालवून अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणखी एक बारीकशी बाब. २०२० पासून नव्या बँक कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते इथूनच सुरू करून घ्यावे लागतात. तिकडच्या दुकानात कार्ड नाकारले गेल्यावर बँकेला दूषणे देऊन उपयोग नाही. त्या दुकानदाराने 'रुपयांत घेऊ की बाथमध्ये?' असे विचारले तर बाथच सांगावे. रुपयांच्या सोयीत चढा दर दडलेला असतो.

या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पासपोर्ट, तिकिटे, कार्डे आणि परकी नोटा पतीच्या पिशवीत. थालीपिठाची भाजणी, खाकरे, औषधे आणि चादरींची चिंता पत्नीकडे, अशी वाटणी न विचारता होऊन जाते. घरी ती खपते. अनोळखी शहरात गर्दीत हात सुटला, फोनची बॅटरी संपली, तर जिच्याजवळ हॉटेलचा पत्तादेखील नाही तिने काय करावे? म्हणून प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, पैसे दोघांकडे निम्मे, स्वतःचा पासपोर्ट स्वतःजवळ, आणि थाई लिपीत लिहिलेला हॉटेलचा पत्ता व भारतीय दूतावासाचा क्रमांक दोघांच्याही खिशात असावा. बेतही दोघांनी मिळून करावा. एकाने आखायचे आणि दुसऱ्याने मागून चालायचे, या पद्धतीत पहिल्या चुकीलाच भांडण पेटते. दोघांची चूक असली की तीच गंमत होते. जेवणाचा भारही एकटीवर नको. शाकाहाऱ्यांनी 'जे' हा एक थाई शब्द पाठ केला तरी पुष्कळ भागते. अशा जेवणात मासळीचा रस तर नसतोच, कांदा-लसूणही नसते. चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंनाही ते मान्य व्हावे.

शिक्षिकेच्या दृष्टीने दिवाळीची सुटी या प्रवासाला अनुकूल आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे पाऊस कमी आणि हवा सुसह्य. भाडे मात्र त्याच हिशेबाने चढे, म्हणून तिकीट दोन-तीन महिने आधी काढलेले हिताचे. परतीचे विमान रविवारी रात्रीचे घेऊन सोमवारी पहिल्या तासाला वर्गावर उभे राहण्याचा अट्टहास अनेकजण करतात. रजेच्या अर्जात सोमवारही धरावा. त्या दिवशी कपडे धुऊन होतील, शेजारी खाऊ पोहोचेल, उरलेले बाथ मोजून पुढल्या खेपेसाठी डब्यात पडतील. आठ अमुकची गाडी मंगळवारीही आहेच.