शंका असेल तर दोन मोजा

जुलै १५३३. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर, सँतो दोमिंगो शहरात, बाय्येस्तेरो नावाच्या स्पॅनिश कुटुंबात पोटाशी जोडलेल्या जुळ्या मुली जन्मल्या. बाप्तिस्मा द्यायला आलेले फादर पेचात पडले. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. एकाच माणसाला दोनदा देणं म्हणजे संस्काराची विटंबना. आणि द्यायचा राहिलाच, तर तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्या जिवाला स्वर्गाचं दार बंद. मग या मुली एक की दोन? फादरांनी एकीच्या डोक्यावर पाणी ओतलं, होआना नाव ठेवलं. मग दुसरीकडे वळून म्हणाले, तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर मी तुला बाप्तिस्मा देतो. ती मेल्चिओरा.

मुली जेमतेम आठवडाभर जगल्या. आत्मे किती हे ठरवायला १८ जुलैला शल्यवैद्याकडून त्यांचं शवविच्छेदन करवण्यात आलं. आतले अवयव दोन-दोन निघाले, फक्त यकृतं एकमेकांना चिकटलेली. म्हणजे आत्मे दोन, असा निकाल लागला. नव्या जगातलं नोंद झालेलं हे पहिलं शवविच्छेदन, म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याचं कौतुक होतं. मला विचाराल तर सुरी चालवायची गरजच नव्हती. फादरांच्या त्या ‘नसेल तर’मध्ये सगळा निवाडा आधीच झाला होता. खात्री नसताना त्यांनी दुसरीला वगळलं नाही.

ही एका फादरांची हुशारी म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. १६१४च्या रोमन विधिग्रंथात अशा बाळांसाठी स्वतंत्र सूचना आहेत. डोकी आणि छात्या मोजा. जितक्या, तितकी माणसं धरा आणि प्रत्येकाला वेगळा बाप्तिस्मा द्या. मरण दाराशी असेल आणि वेळच नसेल, तर साऱ्या डोक्यांवर पाणी ओतून ‘मी तुम्हांला बाप्तिस्मा देतो’ असं अनेकवचनात म्हणा. पुढे १९१७च्या कायदेसंहितेत हे एका कलमात आलं: शंका असेल तेव्हा एकाला बिनशर्त, बाकीच्यांना सशर्त. याच कलमात त्या लेकरांसाठी ‘राक्षस’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, तो वाचताना अंगावर काटा येतो. १९८३च्या नव्या संहितेत हे कलमच उरलं नाही. शब्द गेला ते बरं झालं. नियम मात्र ठेवायला हवा होता. कारण चर्चच्या या जुनाट कलमाने जे केलं, ते आजची कचेरी करत नाही. चर्चने शंकेचा फायदा दुसऱ्या जिवाला दिला.

अर्थात, पाणी ओतून सगळं सुटत नाही. ‘सयामी जुळे’ हे नाव ज्यांच्यामुळे रूढ झालं, ते चँग आणि एंग बंकर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात स्थायिक झाले, दोघा बहिणींशी त्यांनी लग्नं केली आणि १८७४मध्ये काही तासांच्या अंतराने दोघे गेले. त्यांचं दफन बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात आहे. या पंथात बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतः श्रद्धेची कबुली देऊन, अंगभर पाण्यात बुडून घ्यायचा असतो. चँग पिणारा, एंग न पिणारा. स्वभाव असे दोन टोकांचे. समजा अशा भावांपैकी एकाने कबुली दिली आणि दुसऱ्याने नाही, तर? पाण्यात दोघेही बुडणार. पण बाप्तिस्मा एकाचाच, कारण कबुली एकाचीच. हे म्हणायला कोणाला यकृत तपासावं लागत नाही.

आणि दोन मोजल्याने न्याय होतोच असंही नाही. २००० साली माल्टातल्या एका कॅथलिक जोडप्याच्या जोडलेल्या मुली मँचेस्टरला जन्मल्या. न्यायालयाने ओळख लपवण्यासाठी त्यांना जोडी आणि मेरी अशी नावं दिली. मेरी जोडीच्या हृदयावर जगत होती. दोघींना वेगळं करण्याच्या शस्त्रक्रियेला आईवडिलांचा विरोध होता; वेस्टमिन्स्टरच्या आर्चबिशपांनीही न्यायालयात तीच बाजू लेखी मांडली. मेरी ही स्वतंत्र माणूस आहे हे अपील न्यायालयाने स्पष्ट मान्य केलं, आणि तरी शस्त्रक्रियेला परवानगी दिली. नोव्हेंबरात मेरी गेली, जोडी वाचली. तो निकाल चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मेरीला जोडीच्या अंगावरची गाठ न समजता माणूस समजून तिच्या मरणाचा निर्णय झाला, निदान एवढं तिच्या वाट्याला आलं.

आता आपल्याकडे. अमृतसरच्या पिंगलवाडा या निराधारांच्या आश्रमात वाढलेले जोडलेले भाऊ सोहना आणि मोहना: हृदयं दोन, हात चार, यकृत एक, पाय दोन. २०२२च्या पंजाब विधानसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने त्यांना दोन मतदार मानलं. एकाचं मत दुसऱ्याला दिसू नये म्हणून मतदान करताना त्यांना गॉगल देण्यात आले. सरकारी डोक्यातून निघालेली इतकी शहाणी युक्ती मी क्वचितच पाहिली आहे. पण त्याआधी दोनच महिने राज्याच्या वीज महामंडळाने त्यांना नोकरी दिली, ती सोहनाच्या नावावर. मोहना मदतीला! अमेरिकेतल्या मिनेसोटात शिक्षिका असलेल्या अॅबी आणि ब्रिटनी हेन्सेल या जोडलेल्या बहिणींचंही तेच: गाडी चालवण्याचे परवाने दोघींना वेगवेगळे, पगार मात्र एक. कारण काय, तर काम एका माणसाचं.

एका माणसाचं काम हा हिशेब मला पटत नाही. वर्गात दोन जोड्या डोळ्यांनी मुलांवर लक्ष ठेवणारी, दोन डोक्यांनी प्रश्न ऐकणारी शिक्षिका एक कशी? वीजकेंद्रावर बिघाड झाला तर मोहनाने डोळे मिटून बसायचं का? मतदानाला दोन, परवान्याला दोन, आणि पैसे मोजायची वेळ आली की एक, ही सोयीची मोजणी आहे.

पंजाबच्या वीज महामंडळाने मोहनाच्या नावानेही नेमणूकपत्र काढावं. शंका असेल तर सशर्त काढावं, पण काढावं.