दरयुद्धाची दुसरी धार

स्पर्धेमुळे ग्राहकाचे भले होते, हे खरेच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि भाजीविक्रेत्याच्याही हाती स्वस्त इंटरनेट आले. हे यश निःसंशय मोठे! परंतु दरयुद्ध आणि आधीच्या कर्जाचा बोजा यांत एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. व्होडाफोन व आयडिया यांना त्याच वर्षी एकत्र यावे लागले. बुडालेल्या कंपनीत बँकांचा, म्हणजे पर्यायाने ठेवीदारांचा पैसा अडकला. अर्जदार किती स्वस्त विकतो, यापेक्षा किती काळ तसे विकू शकेल, हे कर्ज मंजूर करणाऱ्याने आधी विचारावयास हवे. जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही बड्या खासगी कंपन्यांनी दर वाढविले, तेव्हा नाराज ग्राहकांपैकी अनेकांनी बीएसएनएलची वाट धरली.