मीठ-कोळशाच्या खड्ड्यावर भिस्त

अर्थिंग पक्की झाली का, हे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथमध्ये शंभर वॅटच्या बल्बवर ठरतं. होल्डरची एक तार फेजला, दुसरी मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यातून आलेल्या तारेला. बल्ब पेटला की वायरमन म्हणतो, "बघा काका, लख्ख! आता बिनघोर राहा." काका बिनघोर राहतात. ही परीक्षा फसवी आहे, आणि ती का फसवी हे कळायला शाळेतला ओमचा नियम पुरतो.

२३० व्होल्टवर १०० वॅटचा बल्ब जेमतेम ०.४३ अँपिअर ओढतो. पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध ५३० ओमच्या आसपास असतो. त्याच्या पुढे ५० ओमचा भिकार खड्डा जोडला तरी बल्बला २१० व्होल्टच्या आसपास मिळतात आणि डोळ्याला काही फरक दिसत नाही. म्हणजे या परीक्षेत कुणी नापासच होत नाही. पण कूलरच्या पत्र्यात फेज उतरली, तर तोच ५० ओमचा खड्डा पाच अँपिअरसुद्धा वाहून नेत नाही. जादा प्रवाहावर पडणारा एमसीबी जागचा हलत नाही आणि पत्रा जिवंत राहतो.

खड्ड्याचे कैवारी म्हणतील, आमचा खड्डा असा नसतो. ठीक आहे, त्यांच्या बाजूने सगळ्यात चांगला खड्डा धरू. अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय पाइप, आणि भोवती बोथकडची कापसाची काळी माती, तीही पावसाने चिंब. अशा मातीची रोधकता १० ओम-मीटर धरली तर पाइपचा रोध साडेतीन ओमच्या घरात येतो. घरगुती अर्थिंगसाठी याहून चांगला आकडा क्वचितच मिळेल. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरची न्यूट्रलची अर्थिंगही उत्तम, २ ओमची धरू. आता फेज पत्र्याला लागली तर प्रवाह २३० भागिले साडेपाच, म्हणजे ४२ अँपिअर. १६ अँपिअरचा नेहमीचा 'सी' जातीचा एमसीबी तत्काळ पडायला किमान ८० अँपिअर लागतात. ४२ अँपिअरवर तो तापून पडेल, पण त्याला एका सेकंदापासून मिनिटभरापर्यंत कितीही वेळ लागू शकतो. तेवढा वेळ पत्र्यावर सुमारे १४६ व्होल्ट असतात. हे सर्वोत्तम खड्ड्याचं फळ.

आता मे महिना घ्या. काळी माती वाळली की भेगाळते, भेगा पाइपाला लागून खाली जातात आणि माती पाइपापासून सुटते. घर मुरमाड जागेवर असेल तर रोधकता सहज १०० ओम-मीटर होते आणि तोच पाइप ३५ ओमचा होतो. डीपीची अर्थिंग ५ ओम धरली तर प्रवाह पावणेसहा अँपिअर. हा एमसीबी कधीच पाडणार नाही. पत्रा दोनशे व्होल्टवर बसून राहील आणि मीटर मात्र इमानेइतबारे फिरेल: दिवसाला एकतीस-बत्तीस युनिट, सगळे मातीत. आणि कूलर लागतो नेमका याच महिन्यात. पत्र्याचं अंग, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी, आणि पाणी भरायला येणारा अनवाणी माणूस. त्याहून वाईट म्हणजे त्या खड्ड्याला जोडलेली फ्रीज, मिक्सर, मोटार ही सगळी यंत्रं त्याच दोनशे व्होल्टवर चढतात. बिघाड एका यंत्रात, पण करंट घरभर.

मिठाचं म्हणाल तर ते पाइपाच्या लगतची माती काही काळ सुधारतं, पावसात वाहून जातं आणि जाता जाता जीआय पाइप कुजवतं. दरवर्षी मीठ घालायचं आणि तोच पाइप खाऊन टाकायचा, असा हा व्यवहार आहे.

दुसरा पंथ खड्डाच खणत नाही. तो थ्री-पिन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या पिनेत इंचभर तार टाकतो. युक्तिवाद ऐकायला बिनतोड असतो: "न्यूट्रल डीपीवर जमिनीतच गेली आहे ना? मग ती अर्थच झाली." कागदावर झाली, तारेवर नाही. न्यूट्रल म्हणजे रोज प्रवाह वाहणारी तार. खांबावरचा तिचा सांधा गंजला, वाऱ्याने सुटला किंवा मीटरजवळचा स्क्रू सैल झाला, की घरातल्या एका चालू बल्बमधून फेज न्यूट्रलवर येते, आणि त्या इंचभर तारेतून थेट फ्रीजच्या अंगावर. बिघाड खांबावरचा, फ्रीज अगदी निरोगी, तरी करंट लागतो. लाईनमनने दुरुस्तीत फेज आणि न्यूट्रल उलटी जोडली तर चालू बल्बचीही गरज उरत नाही. प्लग लावताच, स्विच बंद असला तरी, पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट. वर हिशेब केलेला शेजाऱ्याचा ३५ ओमचा खड्डा आठवा. त्याच्या घरचा पावणेसहा अँपिअर डीपीच्या अर्थिंगमधून परत जाताना तिथली न्यूट्रल जवळजवळ तीस व्होल्ट उचलतो. न्यूट्रललाच अर्थ मानणाऱ्या प्रत्येक घरातल्या पत्र्यावर ते तीस व्होल्ट पोहोचतात.

याच मताची एक सुशिक्षित आवृत्ती अभियंत्यांच्या तोंडी असते, आणि तिला उत्तर द्यायलाच हवं. ते म्हणतात, वीज कंपनीनेच धातूच्या तारेने अर्थ दिली पाहिजे. मग बिघाडाचा प्रवाह शेकडो अँपिअर होईल आणि साधा एमसीबीसुद्धा क्षणात पडेल. ब्रिटनमध्ये असंच चालतं, न्यूट्रल आणि अर्थ वाटेत एकत्र असतात. तत्त्व मान्य. पण तिथे न्यूट्रल ठिकठिकाणी पुन्हा जमिनीला जोडलेली असते आणि वाहिन्या बऱ्याच भूमिगत. आपल्याकडे खांबांवरून उघडी अॅल्युमिनियमची तार येते आणि तीच तुटण्याची भीती. ज्या तारेवर सुरक्षितता टांगायची, तीच सगळ्यात आधी तुटणारी. फ्रान्स आणि इटली या श्रीमंत देशांनीसुद्धा घरोघरी स्वतंत्र अर्थ आणि गळती पकडणारा स्विच हाच मार्ग घेतला आहे.

शिवाय कंपनीने अर्थ द्यावी हे काही नवं स्वप्न नाही. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत अर्थचं टर्मिनल द्यावं असं ३३ व्या नियमात लिहिलं होतं. २०१० च्या केंद्रीय नियमांतही तेच कलम पुन्हा छापलं गेलं. खांबावरून बोथच्या साध्या घरात मात्र दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. मागणी जरूर करा, अर्ज द्या. पण अर्ज मंजूर होईपर्यंत घरात कूलर चालणारच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: खड्ड्यावर आणि न्यूट्रलवर भिस्त ठेवू नका, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर ठेवा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो सतत तोलत असतो. तफावत ३० मिलिअँपिअरवर गेली की ०.३ सेकंदाच्या आत आणि मोठी असली तर त्याहूनही लवकर तो पुरवठा तोडतो. ३० मिलिअँपिअरचा हा आकडा माणसाच्या शरीरावरून आला आहे. अमेरिकेत बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजमापं घेतली. हातातली तार सोडता येणं जिथे बंद होतं तो प्रवाह पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर निघाला. त्याच्या पुढे काही सेकंद गेले तर श्वास आणि हृदय धोक्यात. १६ अँपिअरचा एमसीबी यापेक्षा हजारपट मोठ्या प्रवाहाची वाट पाहत बसतो. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो.

आरसीसीबी आला की खड्ड्याचं गणितच बदलतं. पत्र्यावर ५० व्होल्टपेक्षा जास्त टिकू नये एवढंच पाहायचं तर ५० भागिले ०.०३, म्हणजे १,६६६ ओमपर्यंतची अर्थिंगही चालते. कोरड्या मुरमातला १०० ओमचा पाइपही मग पुरून उरतो. "मग पाइप तरी कशाला?" असंही कुणी विचारतं. पाइप नसेल तर गळतीला वाट मिळते तुमच्या अंगातून. स्विच पडतो, पण झटका खाऊन. पाइप असेल तर यंत्र बिघडताच तो पडतो, हात लागण्याआधी.

विरोधाचा खरा सूर पैशाचा नसतो. असा स्विच साधारण दीड-दोन हजारांना मिळतो, आणि 'केमिकल अर्थिंग'च्या नळीवर लोक त्याहून जास्त घालवतात. तक्रार असते, "पावसाळ्यात सारखा पडतो." पडणारच, कारण तुमच्या भिंतीतला सांधा ओला आहे. वायरमन तेव्हा सांधा शोधत नाही, स्विच काढतो, आणि दिवे पुन्हा लागले म्हणून शाबासकी घेतो. पाऊस नसतानाही पडत असेल, तर कारण बहुधा तीच इंचभर तार असते. न्यूट्रल आणि अर्थ घरात कुठेही एकत्र आली तर आरसीसीबी टिकूच शकत नाही. तार काढा, स्विच नाही. कायद्यानेही या आळसाला हातभार लावला. २०१० च्या नियमांनी २५० व्होल्टच्या, ५ किलोवॅटच्या आतल्या जोडणीला गळती-रक्षकातून सूट दिली होती. बोथमधलं जवळजवळ प्रत्येक साधं घर त्या सुटीत बसत होतं, आणि अनवाणी माणूस तिथेच जास्त. २०२३ मध्ये नवे नियम आले, पण भिंतीवरचे जुने बोर्ड त्यामुळे बदलत नाहीत.

बसवताना मीटरनंतर लगेच दोन पोलचा, आयएस १२६४० चा शिक्का असलेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्या. त्याच्या जोडीला एमसीबी हवाच, कारण जास्त भार आणि शॉर्ट सर्किट ओळखणं आरसीसीबीचं काम नाही. कूलर, गीझर, मोटार, फ्रीज यांची हिरवी तार पाइपापर्यंत सलग न्या; प्लगची तिसरी पिन कापू नका. 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा. त्याने स्विचची यंत्रणा तपासली जाते, पाइप नाही. पाइप तपासायचा तर अर्थ टेस्टर लागतो, बल्ब नव्हे.

एक गोष्ट आरसीसीबीच्या आवाक्याबाहेर आहे. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर जीआय तारेच्या आधाराने येते, आणि त्याच तारेला किंवा तिला टेकलेल्या पत्र्याला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते. वरचं आवरण उन्हाने तडकलं की ओला टॉवेल टाकणाऱ्या बाईच्या हातात फेज येते. हा बिघाड मीटरच्या आधीचा, घरातला कुठलाही स्विच तो पाहत नाही. तिथे कपड्यांसाठी नायलॉनची दोरी बांधायची, आणि सर्व्हिस वायर बदलायला लाईनमनला बोलवायचं.