पाळणा घेताना

बारशाची तारीख ठरली की पाळण्याची खरेदी निघते. दुकानात नजर जाते झालरीवर. पाहायचे असते गजांमधले अंतर. ते ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बाळाचे अंग त्यातून सरकते आणि डोके अडकते. खालीवर सरकणारा कठडा सोयीचा वाटतो खरा, पण त्यात अडकून बाळे दगावल्याने अमेरिकेत २०११ मध्ये अशा पाळण्यांच्या विक्रीवर बंदी आली. गादी घट्ट, सपाट आणि पाळण्याच्या मापाची हवी. आजीने हौसेने शिवलेली राईची उशी? वाईट वाटेल, पण वर्षभर पाळण्यात उशी, गोधडी, खेळणी काहीच नको. बाळाला उताणेच झोपवावे. ते हाता-गुडघ्यांवर उठू लागले की झुलता पाळणा आवरून ठेवावा, मग तो कितीही महागाचा असो.