‘डिस्क पुसा’ म्हणण्याआधी विचार करा

लिनक्स टाकताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय डोळे झाकून निवडण्याला आमचा विरोध आहे. सोपेपणाच्या नावाखाली वर्षानुवर्षांचे लेख, फोटो, कागदपत्रे जातात आणि दोष मात्र लिनक्सला दिला जातो! आधी दुसऱ्या डिस्कवर बॅकअप घ्या. मग पार्टिशन स्वतः करा. रूटमध्ये प्रणाली, होममध्ये आपल्या फाइली. दोन्ही ईएक्सटी-4 मध्ये, पण वेगवेगळे. उद्या लिनक्स पुन्हा टाकावे लागले, तर फक्त रूट फॉरमॅट करायचे. होम शाबूत राहते. विंडोजही ठेवायचे असेल, तर ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करू नका. विंडोजचा बूटलोडर तिथेच असतो. संगणक आपला आहे, तर काय पुसायचे हेही आपणच समजून ठरवले पाहिजे.