उंच केलेली जुनी गाडी व चाकाचें माप

जुनी जीप अगर बोलेरो विकत घेऊन शेतीच्या कामास लावण्याची चाल आपल्या खेड्यापाड्यांतून चांगलीच रुळली आहे. ओढ्याचा उतार, बांधाची चढण व उसाच्या फडाकडील खोल चाकोरी यांतून गाडी निभावी म्हणून कमानींखालीं ठोकळे बसवून अथवा लांब शॅकल घालून ती दोन-तीन इंच उंच करण्यांत येते. मग मडगार्डाखालीं मोकळी जागा दिसूं लागते, आणि तींत मावेल तेवढें मोठें टायर घालण्याचा मोह मालकास होतो. या प्रश्नाचा विचार शोभेच्या नव्हे, तर कामाच्या दृष्टीनें व्हावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट ही कीं, कमान उंच केल्यानें गाडीचा सांगाडा उंचावतो. आस उंचावत नाहीं. बैलगाडीचा साटा कितीही उंच बांधला तरी कणा चाकाच्या तुंब्यापाशींच राहतो, तसाच हा प्रकार आहे. वाटेंतील दगडास अडकतो तो मागील आसाच्या मध्यावरील दंतचक्रांचा गोळा. त्याची जमिनीपासूनची उंची वाढते ती केवळ चाकाच्या व्यासानें, आणि तीही व्यास वाढेल त्याच्या निम्म्यानें.

आतां प्रत्यक्ष हिशेब पाहूं. बोलेरोचें नेहमींचें टायर २१५/७५ आर १५ या मापाचें असतें. यांतील पहिला आंकडा मिलिमीटरांत रुंदी दाखवितो, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा किती तें सांगतो, आणि शेवटला रिमचा व्यास इंचांत देतो. त्यावरून चाकाचा एकंदर व्यास सुमारें ७०३ मिलिमीटर येतो. हौशी लोक ज्याच्या मागें लागतात त्या ३१ इंची टायरचा व्यास ७८७ मिलिमीटर भरतो. म्हणजे वाढ ८४ ची, व गोळा उंचावला ४२ मिलिमीटर. जेमतेम दोन बोटें!

या दोन बोटांची किंमत काय पडते? व्यास शेंकडा बारांनीं वाढला कीं त्याच गिअरमध्यें गाडीची ओढण्याची शक्ति शेंकडा दहाहून अधिक घटते. ब्रेकचा धरही तितकाच उणावतो. गतिदर्शकाचा कांटा ५० दाखवीत असतां गाडी ५६ च्या वेगानें धांवत असते. ज्यास खताचीं पोतीं व मजूर घेऊन चढण चढावयाची आहे, त्यानें ओढ घालवून उंची विकत घ्यावी, हा व्यवहार आंतबट्ट्याचा नव्हे काय? शिवाय सांगाडा उंच झाल्यानें गाडीचा भार वर सरकतो, आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. मागें बसलेलीं माणसें आपल्याच घरचीं अगर गांवचीं असतात, हें विसरूं नये.

रुंदीचीही तीच गोष्ट. साडेदहा इंची टायरास ७ ते ९ इंच रुंदीची रिम लागते. अरुंद रिमवर तें नीट बसत नाहीं. रिम बाहेर काढून बसविल्यास बेअरिंगवर ताण येतो व स्टिअरिंग जड होतें. चिखलाखालीं मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापून घट्ट जागीं पोंचतें. रुंद टायर वरच्यावर घसरतें. काळ्या जमिनींत चिकण माती चाकास लपेटून बसते. तेथें टायर व मडगार्ड यांमध्यें मोकळी जागा राहणें हेंच हिताचें.

कोणी म्हणेल, मोठें चाक खड्डा सुखानें ओलांडतें. हें खरें आहे, व भुसभुशीत वाळूंत रुंद टायरही उपयोगी पडतें. परंतु आपल्यापैकीं किती जणांची रोजची वाट वाळूची आहे?

सरकारी दप्तरांत आयुष्य गेलेल्या माणसास आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जमिनींतील हक्काचा बदल फेरफाराच्या नोंदीवांचून कागदोपत्रीं उतरत नाहीं, हें आपण सारे जाणतों. मग गाडीविषयींच बेफिकिरी कां? मोटार वाहन कायदा, १९८८, यांतील ५२ व्या कलमानें निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकास मनास येईल तसा करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं कलमाचा हाच रोख मानला. अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यांत हाच मुद्दा पुढें येऊं शकतो.

यास्तव माझें मत असें कीं, मूळ मापाचेंच परंतु खोल नक्षीचें टायर घेणें सर्वांत शहाणपणाचें. वाढ करणें अगदीं अवश्यच वाटलें तर २३५/७५ आर १५ च्या पुढें जाऊं नये. त्यानें व्यास शेंकडा चारांच्या किंचित् वर वाढतो. तीही वाढ परिवहन कार्यालयांत विचारूनच करावी. भार वाहण्याचा आंकडा मूळ टायरहून कमी नसावा. टायरच्या भिंतीवरील चार अंकांवरून त्याचें वय ओळखावें: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चाक बसविल्यावर स्टिअरिंग दोन्हीं बाजूंस पुरतें वळवून, व मागें पूर्ण भार घालून, टायर कोठें घासत नाहीं ना, हें पाहावें.

उंच केलेल्या गाडींत मोठ्या चाकास जागा होते हें खरें. पण जागा झाली म्हणून गरज झाली असें नव्हे. शेतकरी बंधूंनीं चाकाचें माप वाट व भार पाहून ठरवावें, हीच विनंती.