फुकटचा लिनक्स आणि मराठीचा ‘ल’

मोर्णेच्या पश्चिम काठावर, अकोल्याच्या जुन्या शहरात, एका संस्थेने आपल्या जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून घेतला. परवान्याचा खर्च वाचला. परंतु आठवड्याभरातच तक्रार आली की, मराठी मजकूर हिंदीसारखा दिसतो. तक्रार खरी होती. ‘ल’ दंडाचा उमटत होता आणि ‘श’ गाठीचा.

यात दोष एकट्या लिनक्सचा नव्हे. युनिकोडने हिंदी आणि मराठी ‘ल’ला एकच क्रमांक दिला आहे. त्याचा आकार कोणता, हे टंक आणि भाषेची नोंद यांवर ठरते. संगणकास भाषा मराठी असल्याचे सांगितलेच नाही, तर ते बिचारे हिंदी वळण गिरवते. उपायही फुकटच आहे. रेड हॅट कंपनीने २००४ साली खुल्या केलेल्या ‘लोहित’ मालिकेतील देवनागरी टंकात आज मराठी आकार आहेत. तो बसवावा, ‘फाँटकॉन्फिग’च्या फायलीत मराठीसाठी त्यास अग्रक्रम द्यावा आणि यंत्राची व दस्तऐवजाची भाषा मराठी नोंदवावी.

पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयाने प्रमाण ठरले आहेत. तरी वळणाचा प्रश्न कोणी आवडीचा म्हणून सोडून देईल. अर्ध्या ‘र’चे तसे नाही. ‘आचार्यास मानधन’ आणि ‘आचाऱ्यास मानधन’ या दोन निराळ्या पावत्या आहेत! टंक अपुरा असला की हा ‘ऱ्य’ मोडतो. शिवाय तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीने शोधले तर दुसरीने लिहिलेले सापडेलच असे नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात सार्वजनिक वस्तू म्हणून आम्ही रस्त्यावरचा दिवा सांगतो. खुली संगणकप्रणाली त्याच जातीची. एकाने वापरल्याने दुसऱ्यास उणी पडत नाही. पण दिव्याची देखभाल कोणाच्या तरी पगारातूनच होते. परवान्याचे वाचलेले सर्व पैसे बचत म्हणून दाखविणे हा हिशेबातील दोष होय. संगणकखरेदीच्या निविदेतच अट असावी : ‘ल’, ‘श’, ‘ऱ्य’ यांचा नमुना पडद्यावर व छापील कागदावर तपासल्याखेरीज देयक चुकते होणार नाही.

सदर संस्थेत हे काम एका विद्यार्थ्याने एका दुपारी केले. तोवर कंटाळून कार्यालयाने युनिकोडपूर्व टंकाचा आश्रय घेतला होता. तो टंक नसलेल्या यंत्रावर त्या मजकुराची रोमन अक्षरांची खिचडी होते. त्या आठवड्यांतील पावत्या आता पुन्हा टंकित करणे चालू आहे.